नऊ महिने, काळी माती अन् अन्नपूर्णा बेस कॅम्प : ट्रेकिंगच्या बुटांचा माझा अनुभव

जूनमध्ये घेतले होते हे बूट, आता मार्च संपत आला. एवढे दिवस मुद्दाम थांबले कारण आठ दिवस घालून कोणत्याच बुटाचं काही समजत नाही. मी परतवाड्याकडच्या एका खेड्यात राहते, मेळघाटातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, आणि दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला अन्नपूर्णा बेस कॅम्पला जायचं असं मी, माझी बहीण अन् शाळेतल्या दोन मॅडम, आम्ही चौघींनी उन्हाळ्यातच ठरवलं होतं.

आधी घेण्याचीच गोष्ट सांगते, कारण सगळ्यात जास्त त्रास तिथेच झाला. अमरावतीला तीन दुकानं फिरले, तिन्हीकडे एकच उत्तर, लेडीजमध्ये ट्रेकिंगचे बूट येत नाहीत मॅडम, स्पोर्ट शू दाखवू का. शेवटी ऑनलाइन मागवले, साडेसहा हजार पडले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, वॉटरप्रूफ. पार्सल गावात येत नाही म्हणून परतवाड्याला जाऊन घ्यावं लागलं. नेहमीचा पाच नंबर मागवला होता तो परत केला अन् सहा घेतला, आणि हेच माझ्या हातून सगळ्यात चांगलं झालं. माप असं बघायचं की संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय फुगलेले असताना, जाड सॉक्स घालून बूट घालायचा, लेस न बांधता पाय पार पुढे सरकवायचा अन् टाचेच्या मागे एक बोट आरामात गेलं पाहिजे. बोट जात नसेल तर तो बूट चढताना छान वाटेल पण उतरताना नखं काळी करेल. माझ्या बहिणीने ऐकलं नाही, नेहमीच्याच मापाचे घेतले, नेपाळात छोम्रोंग गावाच्या पायऱ्या उतरताना तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं गेली, अजून पूर्ण आली नाहीत.

जून ते ऑक्टोबर हे बूट मी घरीच रुळवले. सकाळी वावरात चक्कर, पांदणीने शाळेच्या गाडीपर्यंत, रविवारी चिखलदरा. आमच्या काळ्या मातीत हे बूट वाईट आहेत, हे स्पष्ट सांगते. सोलच्या खाचा खोल आहेत, त्यात गारा, म्हणजे चिखल, असा भरतो की धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, शंभर पावलं गेलं की एकेका पायाला किलो किलो माती, अन् ती वाळली की दगड होते. नारळाच्या काथीने अन् पाण्याने लगेच धुवायचे, वाळू दिलं की संपलं. पण त्याच खाचा गाविलगडाच्या चढावर अन् दगडगोट्यांत पाय धरून ठेवतात. ओल्या शेवाळलेल्या फरशीवर मात्र कोणताच भरवसा नाही, तिथे मी दोनदा घसरले.

वॉटरप्रूफबद्दल. ओढ्यातून, ओल्या गवतातून चालताना पाणी आत येत नाही, खरंच येत नाही. पण जुलैत चिखलदऱ्याला चार तास सलग पाऊस लागला तेव्हा पाणी पँटवरून ओघळून वरून आत शिरलं, अन् एकदा आत गेलेलं पाणी मग बाहेरही पडत नाही, बूट म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. पावसात पँट बुटाच्या वरून सोडायची, आत खोचायची नाही.

आणि त्याच रात्री सगळ्यात मोठं नुकसान झालं. सासूबाईंनी काळजीपोटी बूट चुलीपाशी ठेवले, सकाळी म्हणाल्या, वल्ले होते बाप्पा, म्हणून वाळाले ठेवले. आगीने डिंक सुटला, उजव्या बुटाचा सोल समोरून दोन बोटं उघडला. त्यांच्यावर काय रागवायचं, आमच्याकडे ओलं काहीही चुलीपाशीच वाळतं, मीच सांगायला पाहिजे होतं की हे बूट सावलीत, आत पेपरचे बोळे कोंबून, दर दोन तासांनी पेपर बदलून वाळवायचे. कंपनीला फोटो पाठवले, वॉरंटीत बसत नाही म्हणाले. ते समजू शकते, पण निदान कुठे दुरुस्त करायचं एवढं तरी सांगायचं ना, तेही नाही. परतवाड्याच्या बाजारातल्या मोची काकांनी जुना डिंक खरवडून सोल्युशन लावलं, रात्रभर दाबून ठेवलं, वरून टाके घातले, दीडशे रुपये घेतले. नेपाळहून येऊन आजपर्यंत तो सोल हललेला नाही.

सॉक्सचं पण सांगते. आमच्या घरी पाच एकर पऱ्हाटी आहे, कापसावरच घर चालतं, तरी सांगते की ट्रेकला सुती सॉक्स नको. सुती घाम पितो अन् ओलाच राहतो, मग कातडी मऊ होऊन फोड येतो. ऑगस्टमध्ये सुती सॉक्सवर मला टाचेला दोन फोड आले, नंतर लोकरीचे मिक्स घेतले तर त्याच वाटेवर एकही नाही. जिथे गरम गरम वाटायला लागेल तिथे लगेच थांबून कापडी टेप लावायची, पुढच्या मुक्कामाला बघू म्हणू नका.

भाऊबीज झाली अन् निघालो. नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सोनौली बॉर्डर, पुढे भैरहवाहून पोखराची बस, दिवसभराचा वळणावळणाचा रस्ता. भारतीयांना व्हिसा नाही, मतदार कार्ड चालतं. आपल्या १०० रुपयांचे १६० नेपाळी होतात. अन्नपूर्णा भागाचं परमिट सार्क देशांच्या लोकांना १००० नेपाळी पडतं. बूट बॅगेत ठेवले नाहीत, पायातच घालून गेले, कारण बॅग हरवली तर बाकी सगळं पोखऱ्यात मिळतं, पाच महिने रुळवलेले बूट मिळत नाहीत.

तिथे सगळ्यात आधी दिसतात त्या पायऱ्या. दगडी पायऱ्या, संपतच नाहीत. छोम्रोंगहून पार नदीपर्यंत उतरायचं, परत सिनुवापर्यंत चढायचं, अन् येताना तेच उलटं. चढताना बुटाचं काही कळत नाही, सगळं छातीला कळतं. बूट कळतो उतरताना. घोट्याजवळच्या वरच्या दोन हुकांपाशी लेसला दोनदा पीळ देऊन घट्ट करायची म्हणजे टाच जागची हलत नाही अन् बोटं पुढे आपटत नाहीत. चढताना तीच लेस वर जरा ढिली. आमचा गाइड भाऊ प्रत्येक उताराआधी आम्हाला थांबवून लेस बांधायला लावायचा. आणि त्याच वाटेवर कपाळाला नाम्लो म्हणजे ओझ्याचा पट्टा लावून, पाठीवर डोको म्हणजे बांबूची टोपली भरून माणसं आमच्या पुढे निघून जायची, काहींच्या पायात नुसती चप्पल. मला माझ्या शाळेतली कोरकू पोरं आठवली, तीही अशीच डोंगर चढून शाळेत येतात, अन् तेव्हाच ठरवलं की परत गेल्यावर वर्गातल्या सगळ्यांच्या पायांची मापं घ्यायची.

देउराली साधारण ३२०० मीटर, म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळपास तिप्पट उंच. तिथे बहिणीचं डोकं दुखायला लागलं, म्हणून एक दिवस तिथेच राहिलो, डोकं पूर्ण थांबल्यावरच पुढे मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला, ३७०० मीटर. मुक्कामाची उंची एका दिवसात फार वाढवू नका, आपण मैदानातली माणसं आहोत, शरीराला वेळ लागतो.

त्या रात्री बूट पलंगाखाली ठेवले अन् सॉक्स स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी. बाहेर ठेवलेलं बाटलीतलं पाणी सकाळी गोठलेलं होतं. मला अन्नपूर्णेवर पहिल्यांदा चढलेल्या दोघांची आठवण येत होती. मॉरिस हर्झोग अन् लुई लाशनाल, ३ जून १९५०, आठ हजार मीटरवरच्या शिखरावर माणूस पहिल्यांदाच पोचला होता, अन् हिमदंशाने दोघांच्याही पायाची सगळी बोटं कापावी लागली. ते ८०९१ मीटरवर गेले होते, पलीकडच्या उत्तर बाजूने, आपली त्याच्याशी काही बरोबरी नाही, पण ओला सॉक्स पायात ठेवून झोपायचं नाही एवढं त्या रात्री मनात पक्कं बसलं.

पहाटे चारला निघून दोन तासांत वर अन्नपूर्णा बेस कॅम्पला, ४१३० मीटर. कडक बर्फावर पाय धरत होता, बोटं गार पडली पण बधिर झाली नाहीत. सूर्य आधी अन्नपूर्णा साउथला लागला अन् मग हळूहळू सगळ्या भिंती पिवळ्या होत गेल्या, आम्ही चौघी हात धरून उभ्या होतो, कोणीच बोललं नाही, आईची फार आठवण आली.

आता बुटांची स्थिती. टाचेकडच्या खाचा बाहेरच्या बाजूने अर्ध्या झिजल्यात. आतलं अस्तर डाव्या टाचेला फाटायला लागलंय. लेस एकदा बदलली. वॉटरप्रूफपणा पहिल्यासारखा नाही, वरचं कापड पाणी प्यायला लागलंय, स्प्रे मारून थोडा फरक पडला. मार्चच्या उन्हात पाय उकडतात, एप्रिल-मेमध्ये हे आमच्याकडे घालायचे बूटच नाहीत, पण कपाटात बंद करून ठेवू नका, नुसते पडून राहिले तरी सोल आतून कुजतो, महिन्यातून दोनदा तरी घालून चाला. मी बाजारच्या दिवशी घालते.

बहिणीने मागच्या आठवड्यात हेच मागवले, सहा नंबर.