हिमालयनचा सायलेन्सर बदलला, आठ महिन्यांनंतर काय वाटतं

गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ मोटारसायकल, बीएस-६, २०२१ची. धुळ्यात देवपुरात राहतो. रोज पांझरेच्या पुलावरून आग्रा रोडला येणं-जाणं आणि महिन्यातून एखादा रविवार सातपुड्याकडे, एवढंच माझं फिरणं. त्यामुळे हे लेह-लडाखवाल्यांसाठी नाही. ज्यांची गाडी मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत सिग्नलला उभी असते आणि पावसाळ्यात कपाशीच्या बांधाबांधाने चिखलातून जाते, त्यांच्यासाठी आहे.

आधीच कबूल करतो, सायलेन्सर बदलायची काही गरज नव्हती. कंपनीचा होता तो गंजला नव्हता, फुटला नव्हता. रात्री अंथरुणात हेडफोन लावून यूट्यूबवर पंधरा-वीस सायलेन्सरांचे आवाज ऐकले आणि डोकं फिरलं, बस. आता कळतंय की तिथं माइक सायलेन्सरच्या तोंडाशी लावलेला असतो आणि आपण बसणार असतो त्याच्या पुढे, हेल्मेट घालून, वारं खात. तो आवाज आपल्याला तसा कधीच ऐकू येत नाही. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला येतो.

पहिला घेतला तो स्वस्तातला. दुकानाचं नाव घेत नाही, कारण दुकानदाराने फसवलं असं नाही, मीच अठराशे रुपयात परदेशी मालाची स्वप्नं बघत होतो. वर एका मोठ्या विदेशी कंपनीची प्लेट चिकटवलेली, ती तिसऱ्या आठवड्यात उन्हानेच निघाली. आमच्या मिस्तरी नानांकडे नेला तर त्यांनी काही न बोलता जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणलं आणि डब्याला लावलं, टपकन चिकटलं. नाना म्हणे, "हाऊ पत्रा शे भो, स्टील नही." ही युक्ती फार कामाची आहे. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील असेल तर चुंबक जवळजवळ धरतच नाही, साधा पत्रा असेल तर लगेच धरतं. फक्त ४०९ ग्रेडचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं आणि बऱ्याच गाड्यांचे सायलेन्सर त्याचेच असतात, म्हणजे चिकटलं की टाकाऊच असं नाही, पण विकणारा "३०४ आहे भाऊ" म्हणत असेल आणि चुंबक लटकत राहिलं तर तिथून निघा.

त्या पत्र्याच्या डब्यात डीबी किलर होता, म्हणजे मागच्या तोंडातून आत सरकवलेली भोकाभोकांची नळी, आवाज दाबायला. ती एका बोल्टवर धरलेली. सारंगखेड्याच्या पुलाच्या अलीकडे तो बोल्ट कुठे पडला कोण जाणे, नळी मागच्या मागे उडाली आणि तिथून घरापर्यंत जो काही आवाज आला तो सांगायला नको. दोंडाईच्यात लोकं टपरीवरून उठून बघत होते. घरी आलो तर आबा ओट्यावरच बसलेले, म्हणाले, "हाऊ आवाज फटफटीना शे का थ्रेशरना?" आवाजाचं एक वेळ सोडा, गाडीची खालची ओढच गेली. हिमालयनचं इंजिन लाँग स्ट्रोक आहे, म्हणजे बोअर (सिलिंडरची रुंदी) ७८ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८६ मिलिमीटर, तिची सगळी मजा कमी आरपीएमवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये टुकटुक चढण्यात आहे, आणि मागचं तोंड सताड उघडं झालं की नेमकी तीच जाते. काही लोकं डीबी किलर मुद्दाम काढतात. काढा बापडे, पण मग घाटात क्लच घासत बसायचं.

तो डबा भंगारात दिला. दुसऱ्यांदा मात्र तीन महिने विचार केला.

पहिला प्रश्न स्लिप-ऑन की फुल सिस्टीम. स्लिप-ऑन म्हणजे फक्त मागचा डबा बदलायचा, फुल सिस्टीम म्हणजे इंजिनला लागून येणाऱ्या बेंडपाईपसकट सगळं. माझ्या गाडीत कॅटकॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, बेंडपाईपमध्ये आहे आणि ऑक्सिजन सेन्सरही तिकडेच, म्हणजे मागचा डबा बदलला तरी धुराचं सगळं काम जागच्या जागी राहतं. फुल सिस्टीमवाले कॅटकॉन काढून टाकतात, मग इंजिनला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, ईसीयूचं, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग करा, ते करायला नाशिक-पुणे गाठा, धूर नियमात बसत नाही तो वेगळाच. आणि एवढं करून मिळणार काय, तर चोवीस हॉर्सपॉवरवर एखाद-दुसरा घोडा. माझा तरी मूड गेला. तुमची गाडी दुसरी असेल तर कॅटकॉन कुठे आहे ते आधी बघा. काहींत तो सायलेन्सरमध्येच असतो, मग साधा स्लिप-ऑन बसवला तरी कॅटकॉन गेलाच समजा.

शेवटी बंगळुरूकडच्या एका कंपनीचा स्टेनलेसचा स्लिप-ऑन घेतला, डीबी किलरसकट, सगळं धरून तेरा हजारात पडला. घरी सांगताना आठ सांगितले. कंपनीचं नाव टाकत नाही, जाहिरात वाटेल आणि पुढे जी तक्रार लिहिलीय तिचा दोष अर्धा माझाच आहे.

बसवला नानांकडेच. जुना काढतानाच अर्धा तास गेला कारण क्लॅम्पचा नट पावसाने धरलेला, तेल मारून, चहा पिऊन, परत मारून तेव्हा कुठे कुर्र करून सुटला. दोन्ही डबे शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवले (तो म्हणे साखर मोजायचीय, लवकर उचला), नवा जुन्याच्या निम्म्याहूनही हलका भरला. हा फायदा मात्र खरा, कारण हे वजन मागे, वर आणि एका बाजूला असतं, चिखलात गाडी आडवी झाल्यावर उचलताना फरक कळतो. अर्थात गाडी १९९ किलोची आहे आणि माझं स्वतःचं वजन लिहीत नाही.

इथं नानांनी दोन गोष्टी केल्या ज्या मला कुठल्याच व्हिडिओत दिसल्या नाहीत. एक, जुनं गॅस्केट (जोडातली फट बुजवणारी रिंग) परत वापरलं नाही, नवीनच टाकलं. जोडाला जरा जरी फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल गरम पाईपात पेटून फटफट फुटतं. पोरांना वाटतं गाडी रेसिंगची झाली. गाडी रेसिंगची झालेली नसते, गॅस्केट गेलेलं असतं. दुसरं, पहिल्यांदा चालू करायच्या आधी थिनरच्या फडक्याने सगळा डबा पुसून काढला, कारण हाताच्या तेलाचे डाग राहिले आणि तसंच इंजिन तापलं की बोटांचे ठसे स्टीलवर कायमचे भाजले जातात. मी "कशाला एवढं" म्हणत होतो आणि तेवढ्यात खालच्या बाजूला माझाच अंगठा लागला. तो ठसा अजून आहे, आधार कार्डाला चालेल इतका स्पष्ट.

शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळून घ्या, तापून-थंड होऊन ढिले होतात. माझा एक झाला होता.

मग सप्टेंबरात तोरणमाळ केलं. दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, तिथं चहा-भजी आणि पुढे पन्नासेक किलोमीटर जंगल-चढण. सातपायरी घाटात गाडी जशी आधी चढायची तशीच चढली. जास्त नाही, कमी नाही. पिकअप वाढला, मायलेज वाढलं असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकतोय, माझं आधीही तीसच्या आसपास होतं आणि आताही तेवढंच आहे. आवाज मात्र मनासारखा, जाड, खालच्या पट्टीतला, ढगात शिरल्यावर दरीतून परत येताना फार गोड वाटला. तेरा हजारातले चार हजार तिथंच वसूल.

वर तलावाजवळ गाडी लावली आणि नायलॉन जळल्याचा वास. आधी वाटलं क्लचप्लेट गेल्या. खाली बसून बघतो तर उजव्या बॅगेचा खालचा कोपरा डब्याला टेकलेला आणि त्याला रुपयाएवढं भोक. आत आईने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी होत्या, त्यांच्या फडक्यालाही तपकिरी डाग. भाकरी वाचल्या, वांग्याच्या भरितासोबत खाल्ल्या, थोडा धुराचा वास होता तो भरिताचाच समजलो.

तर ही माझी मुख्य तक्रार. नवा डबा जुन्यापेक्षा जाड आहे, बाहेर जास्त येतो आणि त्याचा हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारं कव्हर, नावाला एक पट्टी. कंपनीचा सायलेन्सर जड का असतो ते तेव्हा कळलं, आत कप्पे, बाहेर मोठं शील्ड, बॅगेचा आणि मागे बसणाऱ्याच्या पायाचा विचार करूनच तो केलेला असतो. आफ्टरमार्केटवाल्यांच्या, म्हणजे असे बाहेरचे पार्ट विकणाऱ्यांच्या, फोटोत गाडीला कधी बॅग लावलेली बघितलीय का? मागे सीट तरी रिकामीच असते. माझी मंडळी एकदा बसली, फागण्यापर्यंत गेलो आणि तिने उजवा पाय असा काही बाहेर धरला की समोरून येणारा ट्रॅक्टरवाला बाजूला झाला. घेण्याआधी दुकानात गाडीला बॅग लावून, मागे माणूस बसवून, वरून दाबून बघा. मागचं सस्पेन्शन १८० मिलिमीटर खाली येतं, उभ्या गाडीवर सगळं छान लांब दिसतं आणि खड्ड्यात चिकटतं.

शिवाय आत आवाज शोषायला ग्लासवूल (काचेची लोकर) भरलेलं असतं, ते हळूहळू जळून उडतं, मग आवाज वाढतो आणि डबा बाहेरून जास्त तापतो. म्हणून मागचं झाकण स्क्रूचं किंवा रिव्हेटचं असलेलं घ्या, उघडून परत भरता येतं. वेल्डिंग केलेलं असेल तर ग्राइंडर लावल्याशिवाय उघडत नाही.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण विचारणारे खूप आहेत. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचं गणित आपल्या किलोमीटरसारखं सरळ नाही, दहाने वाढला म्हणजे आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे "फक्त दहाने जास्त आहे साहेब" हे बोलून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर आवाज-धुराचा नियम मोडला तर पहिल्याच वेळेला दहा हजारापर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वर तीन महिने लायसन्स जातं. फटाक्यासारखा आवाज काढणाऱ्या इंदोरी सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात ते फोटो सगळ्यांनीच बघितलेत. माझा डीबी किलरसकट तसा शांत आहे, चौकात कुणी मान वळवत नाही, पण कागदावर तो कंपनीचा नाही हे मला माहीत आहे आणि हवालदारालाही माहीत असू शकतं. जुना म्हणूनच पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलाय. तुम्हीही विकू नका, गाडी विकायच्या दिवशी पहिला तोच मागतात.

परत घेशील का म्हणाल तर हाच घेईन, पण बॅग न लावणाऱ्यालाच सुचवीन. बॅग लावून फिरणाऱ्याने आणि मागे बायको-पोरं बसवणाऱ्याने कंपनीचाच ठेवावा, वाचलेल्या पैशात मागचा टायर चांगला येतो. माझ्या बॅगेसाठी आता दोन बोटं बाहेर काढणारं ब्रॅकेट साक्री रोडच्या वेल्डिंगवाल्याकडे टाकलंय, पोळ्यानंतर देतो म्हणाला होता, कोणत्या पोळ्यानंतर ते विचारायचं राहून गेलं.