मायनिंगमधून आलेलं आरएक्स ५८०: आठ महिने वापरल्यावर

"डिस्प्ले येतो, पण ड्रायव्हर घेत नाही. आधी मायनिंगला होतं." विकणाऱ्याने एवढं सरळ सांगून टाकलं, आणि खरं सांगायचं तर त्या सरळपणावरच मी हे कार्ड उचललं. आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी, दोन पंख्यांचं. मॉडेल २०१७ सालचं. मायनिंग म्हणजे अशी कार्डं रात्रंदिवस राबवून इथेरियमसारखं डिजिटल चलन कमावणं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा अशी कार्डं ढिगाने विकायला निघाली. मायनिंग म्हटलं की लोक हात झटकतात. मला ती भीती थोडी फुगवलेली वाटते. मायनिंगवाले मुख्य चिपचं व्होल्टेज कमी ठेवून, एकाच तापमानावर महिनोनमहिने कार्ड चालवतात, त्याने चिप सहसा मरत नाही. मरतात ते पंखे, वाळते ती चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट. आणि तिसरी एक गोष्ट असते, जी बाहेरून दिसतच नाही.

घरी आणल्यावर लगेच स्लॉटमध्ये खोचलं नाही. आधी मल्टीमीटर बीपवर लावून आठ पिनच्या सॉकेटमधल्या १२ व्होल्टच्या पिना आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, ते पाहिलं. शॉर्ट असलेलं कार्ड लावलं तर पॉवर सप्लायलाही दणका बसू शकतो. बीप आला नाही. सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने पुसली, खोडरबर काळाकुट्ट झाला. मग लावलं. डिस्प्ले आला, रेषा नाहीत, ठिपके नाहीत, रंग स्वच्छ. इथेच मला वाटलं की मेमरी आणि चिप बहुधा धडधाकट आहेत.

ड्रायव्हर टाकला. स्क्रीन काळी झाली, परत आली ती तशीच ढोबळ रिझोल्यूशनमध्ये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड ४३, म्हणजे विंडोजने कार्ड बंद करून ठेवलेलं. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर मुळासकट काढणाऱ्या टूलने जुने ड्रायव्हर साफ केले, पुन्हा टाकला. तेच. जुन्या आवृत्तीचा टाकला. तेच. पॉवरची केबल बदलली, स्लॉट बदलला, आणि शेवटी ज्याची आता लाज वाटते ते केलं: अख्खं विंडोज नव्याने टाकलं. एक रविवार त्यात गेला. कोड ४३ जागचा हलला नाही.

वास्तविक उत्तर विक्रेत्याच्या वाक्यातच होतं. मायनिंगवाले कार्डाचं बायोस, म्हणजे सुरू होताना वाचला जाणारा कार्डातलाच छोटा प्रोग्राम, बदलतात, आणि बदललेल्या बायोसची डिजिटल सही जुळली नाही की विंडोजमधला ड्रायव्हर ते कार्ड नाकारतो. नुसत्या डिस्प्लेला सही लागत नाही, म्हणून चित्र दिसत राहतं. मी फ्लॅशिंगच्या, म्हणजे कार्डात बायोस लिहिण्याच्या, टूलने बायोसची प्रत काढली आणि पोलारिस बायोस एडिटरमध्ये उघडली. मेमरीच्या टायमिंगचा (कोणत्या वेगाला किती थांबायचं, याचा) तक्ता पाहिला आणि हसूच आलं. १५०० मेगाहर्ट्झच्या ओळीतली आकड्यांची लांबलचक माळ १७५०, २००० आणि २२५० या तिन्ही ओळींत जशीच्या तशी चिकटवलेली. कमी वेगासाठीचं घट्ट टायमिंग जास्त वेगाला लावायचं, ही मायनिंगवाल्यांची नेहमीची युक्ती. मेमरीचा क्लॉकही मूळच्या २००० वरून वर नेलेला, आणि चिपचा खाली आणलेला.

आता मूळ बायोस हवं. पण ते नुसतं त्याच मॉडेलचं असून भागत नाही. एकाच मॉडेलवर कधी एका कंपनीच्या मेमरी चिप्स असतात, कधी दुसरीच्या, आणि बायोस त्या चिप्सना ओळखणारं हवं. चिपवरचं नाव वाचायचं तर हीटसिंक काढणं आलं. मागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू काढले तरी तो निघेना. हेअर ड्रायरने जरा गरम करून हलकेच पिळला तेव्हा सुटला. आतली पेस्ट भिंतीवरच्या वाळक्या पुट्टीसारखी, नखाने पापुद्रे निघत होते. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे) हातात घेताच भुगा झाले आणि त्यांच्यातून सुटलेलं सिलिकॉनचं तेल बोर्डभर पसरलेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन तासभर घासलं. चिप्सवरचं नाव वाचलं, पेस्ट लावली, नवे पॅड लावले, बंद केलं.

या कार्डाच्या वरच्या कडेला एक इवलंसं स्विच आहे, दोन बायोसमधलं एक निवडण्यासाठी. ते इतकं धुळीत गाडलेलं होतं की मला दुसऱ्या दिवशी दिसलं. पलीकडच्या बाजूला केलं तर डिस्प्लेच नाही, म्हणजे तिथलं बायोस कोणीतरी अर्धवट फ्लॅश करून बिघडवलेलं. हे मला सोयीचंच पडलं. मायनिंगच्या बायोसवर मशीन सुरू केलं, विंडोज पूर्ण उघडू दिलं, आणि मग चालू मशीनमध्ये टूथपिकने ते स्विच पलीकडे सरकवलं. त्या क्षणी श्वास रोखला होता, खोटं कशाला बोलू. काहीही झालं नाही. स्क्रीन तशीच, पंखा तसाच. बायोस फक्त सुरू होताना वाचलं जातं, त्यामुळे आता फ्लॅश होणार ते बिघडलेल्या बाजूवर आणि चालणारी बाजू शाबूत राहणार. फाइल चढवली, टूलने पडताळणी बरोबर असल्याचं सांगितलं, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं. ड्रायव्हर पहिल्या फटक्यात बसला.

मग एक गेम लावला आणि अर्ध्या मिनिटात तापमान ९० च्या पुढे.

हा दोष मात्र माझा. जुन्या पॅडचा भुगा झाल्याने जाडी मोजता आली नव्हती, मी अंदाजाने सगळीकडे १.५ मिलिमीटरचे लावले होते. मेमरीवर १ चेच हवे होते. जाड पॅडमुळे हीटसिंक एका बाजूने उचलला गेला आणि मधल्या चिपला नीट टेकलाच नाही. पुन्हा उघडलं तेव्हा ताज्या पेस्टचा ठसा अर्ध्याच चिपवर उमटलेला दिसला. पॅड बदलले, स्क्रू या वेळी तिरपे तिरपे, थोडे थोडे आवळले. त्यानंतर पूर्ण लोडवर ७४ अंशांपुढे गेलं नाही.

एक पंखा बोटाने ढकलल्याशिवाय फिरत नव्हता. मधलं स्टिकर सोलून तेलाचा थेंब टाकला. दोन महिने चालला, मग खरखर सुरू झाली. शेवटी पंख्यांची जोडीच बदलली. तेलाचा उपाय तात्पुरता, हे मान्य करून टाका.

मेमरी अगदी निर्दोष नाही. ओसीसीटी या प्रोग्रामच्या व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणीत २००० मेगाहर्ट्झवर वीसेक मिनिटांनी एखाददुसरी चूक दिसायची. १९५० वर आणल्यावर दोन तासांत एकही नाही. खेळताना हा फरक जाणवत नाही, म्हणून तिथेच ठेवलं आहे. चिपचं व्होल्टेजही थोडं उतरवलंय, त्याने पंखे शांत राहतात. जीपीयू-झी या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये विजेचा आकडा पाहून हुरळू नका, या पिढीत तो फक्त चिपचा असतो, अख्ख्या कार्डाचा नाही. अख्खं कार्ड १८५ वॅटचं आहे.

आठ महिन्यांत १०८० पीवर माझे बहुतेक गेम मध्यम-उच्च सेटिंगवर व्यवस्थित चालले. व्हिडिओ एडिटिंगही होतं, पण एव्ही१ या नव्या प्रकारच्या व्हिडिओचं डिकोड कार्डात नाही, तो भार प्रोसेसरवर पडतो. रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवण्याचं) हार्डवेअर नाहीच. दोन वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे मॉनिटर लावले की काही न करताही मेमरी पूर्ण क्लॉकवर बसते आणि कार्ड कोमट राहतं. मेनू स्क्रीनवर फ्रेम बेसुमार वाढल्या की कार्डावरच्या कॉइलची बारीक शिट्टी ऐकू येते, फ्रेम मर्यादा घातली की थांबते.

सोल्डरचे सुटलेले जोड पुन्हा जुळावेत म्हणून अशा कार्डाला ओव्हनमध्ये भाजायचा सल्ला अजून कोणीतरी देतंच. शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं. त्याखाली भाजून फक्त प्लॅस्टिक वितळतं आणि धूर होतो. माझ्या कार्डाला तर उष्णतेचा रोग नव्हताच, ते भाजलं असतं तर तेवढं चांगलं चाललेलं कार्ड गेलं असतं.

मायनिंगचं बायोस स्विचच्या दुसऱ्या बाजूला अजून आहे. गेल्या महिन्यात धूळ झटकताना ब्रशचा धक्का लागून स्विच सरकलं, मशीन सुरू केलं तर पुन्हा कोड ४३. डीडीयू चालवून झालं, ड्रायव्हर दोनदा टाकून झाला, विंडोजचा पेनड्राइव्हही शोधून काढला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आता त्या स्विचवर चिकटपट्टी आहे.