खुराडं तयार आणायचं की बांधून घ्यायचं? पैसे नेमके कुठे घालायचे

कोंबड्या तशा स्वस्तात येतात. रात्री त्यांना झाकायचं कुठे, इथे खिसा हलका होतो. वाटा तीन आहेत: तयार संच आणून जोडायचा, सुताराकडून मापाप्रमाणे बांधून घ्यायचं, किंवा घरची जुनी शेड, अडगळीची खोली कामाला लावायची. माझं मत आधीच सांगतो. दोन-तीन कोंबड्यांवर थांबणार असाल तर तयार संच चालेल, पण दुरुस्तीचे पैसे धरून. सहा किंवा जास्त पाळायच्या असतील तर बांधूनच घ्या. आणि धड छप्पर असलेली जुनी शेड असेल तर या दोन्हींच्या नादी लागू नका.

तयार संचाच्या खोक्यावर ‘सहा कोंबड्यांसाठी’ लिहिलेलं असतं. तो आकडा सोडून द्या आणि टेप काढा. बंद भागाची लांबी गुणिले रुंदी करा, अंडी घालायच्या पेट्या त्यातून वगळा आणि उरलेल्या चौरस फुटांना चारने भागा. तळ 3 बाय अडीच फुटांचा असेल तर साडेसात चौरस फूट होतात, म्हणजे मध्यम जातीच्या दोन कोंबड्यांनाही जेमतेम. दिवसभर मोकळ्यावर फिरणार असतील तर तीनने भागलं तरी चालतं. दाटी झाली की एकमेकींची पिसं उपटणं सुरू होतं आणि ती खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही.

संचाची दुसरी दुखणी म्हणजे पातळ फळ्या, नुसती फिरवायची लाकडी कडी आणि षटकोनी तारेची जाळी. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रं दातांनी ती फाडतं, उंदीर तर भोकातूनच आत येतो. म्हणून तुलना करताना संचाच्या छापील किमतीत नवी जाळी, दोन भक्कम कड्या आणि वाढीव अंगणाचा, म्हणजे कोंबड्यांना फिरायच्या जाळीबंद जागेचा, खर्च मिळवा. मगच सुताराच्या आकड्याशेजारी तो आकडा ठेवा. बऱ्याचदा फरक वाटला होता तेवढा राहत नाही.

आता बांधून घेण्याचं. इथे लोक घराच्या रूपावर बोलत बसतात, पण बिल फुगवते ती जाळी. सहा कोंबड्या धरा. फिरायला प्रत्येकी दहा चौरस फूट म्हणजे 10 बाय 6 फुटांचं अंगण. उंची सहा फूट, कारण आत उभं राहता आलं पाहिजे. चार बाजूंना 192 चौरस फूट जाळी लागते, वरून झाकायला 60, आणि भोवती जमिनीवर दीड फुटाचा पट्टा अंथरायला सुमारे 48. एकूण 300, म्हणजे कोंबडीमागे 50 चौरस फूट. आता बारा कोंबड्या करा आणि अंगण 12 बाय 10 फुटांचं घ्या. तोच हिशोब 450 वर येतो, कोंबडीमागे साडेसदतीस. दुप्पट कोंबड्यांना दीडपटच जाळी लागते. पुढे आणखी तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणायचा विचार असेल तर आताच मोठं बांधणं स्वस्त, कारण नंतर जोड द्यायचा म्हणजे आधीची एक भिंत उकलावी लागते आणि सुताराची मजुरी पुन्हा मोजावी लागते.

जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, वेल्ड केलेली आणि गॅल्वनाइज्ड घ्या. जमिनीवरचा पट्टा बाहेरच्या बाजूला पसरायचा, कारण उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशी सुरुवात करतं आणि पायाखालच्या जाळीवर अडतं. आणखी एक गोष्ट काम चालू असताना डोळ्यांनी बघा. जाळी नुसत्या पिनांनी ठोकली असेल तर कोपऱ्यात बोटं घालून ओढा, पिना सुटून हातात येतील. वरून लाकडी पट्टी आणि स्क्रू, किंवा रुंद वॉशर लावून स्क्रू, असं आधीच लिहून घ्या. खर्चाचा अंदाजही सुटा मागा: लाकूड, जाळी, पत्रा, मजुरी. एकरकमी आकड्यात काटछाट नेहमी जाळीवर होते.

ज्यावर पैसे घालू नयेत असंही बरंच आहे. प्रत्येक कोंबडीला स्वतंत्र पेटी नको. तीन-चार कोंबड्यांना एक पुरते, आणि दहा पेट्या केल्या तरी सगळ्या एकाच पेटीसाठी भांडतात. एक फूट लांब, रुंद, उंच बस झालं. बसायची दांडी पेट्यांपेक्षा उंच असू द्या, नाहीतर रात्री पेटीतच झोपतात आणि सकाळी अंडी शिटेने माखलेली मिळतात. दांडीवर प्रत्येकीला आठ ते दहा इंच. झरोके फुकटात होतात, पण सुतार मंडळींना सगळं घट्ट बंद करायची हौस असते. छताखाली, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर जाळीचे झरोके ठेवायला लावा. वारा अंगावर न येता दमट हवा आणि शिटेचा अमोनिया वरून निघून गेला पाहिजे. आत शिरल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्या ते रात्रभर सोसतायत असं समजा.

लाकूड की लोखंड? लाकूड उन्हात कमी तापतं, पण त्याच्या सांध्यांत, फटींत लाल माइट (गोचिडासारखे बारीक किडे) दिवसा लपतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. दांडी सहज काढून धुता येईल अशी खाचेत बसवा, खिळ्यांनी ठोकू नका. लोखंडी सांगाडा आणि लाकडी भिंती हा मला सगळ्यात समजूतदार पर्याय वाटतो. भाड्याच्या जागेत तर बोल्टनेच जोडा, सुटं करून नेता येतं.

जुन्या शेडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भिंती आणि छप्पर तयार असल्यामुळे पैसे फक्त जाळी, दांड्या आणि झरोक्यांवर जातात. फरशी पक्की असेल तर उत्तमच, वर भुशाची गादी टाकली की झालं.

अंड्यांतून हा खर्च निघेल का, तर चार-सहा कोंबड्यांत मापाप्रमाणे बांधलेल्या खुराड्याचे पैसे निघणं अवघडच. पहिली दोन-तीन वर्षं भरपूर अंडी मिळतात, नंतर कमी होत जातात, आणि कोंबडी मात्र सहा-आठ वर्षं जगू शकते. म्हणून खर्च अंड्यांवर न मांडता वर्षांवर मांडा: खुराडं कोंबड्यांच्या किमान दोन पिढ्या टिकणार असेल तर जास्तीचा पैसा लावायला हरकत नाही.

अंधार पडताच आपोआप बंद होणारं दार मात्र पहिल्याच बिलात घेऊ नका. रोज तिन्हीसांजेला घरी कोणी असेल तर ते लागत नाही. नसेल, तर रंगकामात काटछाट करून ते दार घ्या.