मागणी कुठून लावायची: वसाहतीची संघटना, धंद्याची संघटना, चेंबर की कृती समिती?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीचं, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याचं, वीजबिल समोर घ्या. त्या एका कागदावर तीन ठिकाणचे निर्णय छापलेले असतात. युनिटचा दर आणि मागणी आकार (जोडणीच्या भारावरचा ठरावीक आकार) ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. वीज शुल्क लावतं राज्य सरकार, 2016 च्या वीज शुल्क कायद्याखाली. फीडर वारंवार बंद पडणं किंवा बिलात चुकीचं रीडिंग येणं, हा मामला महावितरणचा. आपल्याकडची निवेदनं मात्र बहुधा या तिन्ही मागण्या एकाच पानावर घालून ऊर्जामंत्र्यांच्या हातात दिली जातात. फोटो निघतो, ‘सकारात्मक विचार करू’ असं उत्तर मिळतं आणि पुढचं बिल तेवढंच येतं. मंत्र्यांच्या मनात असो वा नसो, आयोगानं ठरवलेला दर त्यांना सहीनं खाली आणता येत नाही. सरकारला सवलत द्यायचीच असेल, तर वीज कायदा 2003 च्या कलम 65 प्रमाणे ती रक्कम आगाऊ भरावी लागते. म्हणजे प्रश्न दराचा न राहता राज्याच्या तिजोरीचा होतो, आणि त्याची वाट अर्थखात्यातून जाते.

कुठली संघटना मोठी, कुणाची ओळख वरपर्यंत, हे पाहून वर्गणी भरण्याआधी आपल्या मागणीवर शेवटची सही कुणाची लागते ते शोधावं. वीस-चाळीस कामगारांचा कारखाना, वर्षाला दोन वर्गण्या आणि महिन्याला चार-पाच तास एवढंच हाताशी असलेला उद्योजक डोळ्यासमोर ठेवून पुढची तुलना केली आहे.

वसाहतीची संघटना

शिरोलीत स्मॅक, गोकुळ शिरगावात गोशिमा, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत मॅक. यांचं बळ जिल्ह्यापुरतं, पण तिथं खरं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा उद्योग मित्र समिती ही यांची हक्काची जागा आहे. जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक तिचे सदस्य सचिव असतात. एमआयडीसी, महावितरण, बांधकाम खातं, पोलीस, प्रदूषण नियंत्रण मंडळ अशी सगळी खाती एका टेबलाभोवती बसतात आणि एकमेकांकडे बोट दाखवायला फारशी जागा उरत नाही. पथदिवे, ट्रक उभे करायला जागा, रात्रपाळीच्या कामगारांसाठी बसफेरी, उपकेंद्राची क्षमता, पोलीस चौकी ही कामं इथं सुटतात.

गडबड होते ती इतिवृत्तात. बैठकीत साहेब ‘करून टाका’ म्हणतात आणि इतिवृत्तात ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उतरतं. म्हणून विषय आठवडाभर आधी लेखी द्यावा, खात्याचं नाव आणि अपेक्षित तारीख त्यातच घालावी, बैठकीनंतर इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी. पुढच्या बैठकीत त्याच अनुक्रमांकापासून सुरुवात करायची.

जिल्हा नियोजन समितीचा निधी हवा असेल तर दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. पैसा संघटनेला मिळत नाही, तो सरकारी कार्यान्वयन यंत्रणेमार्फतच खर्च होतो. त्यामुळे प्रस्ताव त्या खात्यानं आपला म्हणून मांडायला हवा. शिवाय पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यातच आकार घेतो. फेब्रुवारीत पालकमंत्र्यांना भेटायला जाणं म्हणजे लग्न लागल्यावर अक्षता घेऊन जाणं.

एमआयडीसीचे पाणीदर किंवा भूखंड हस्तांतरणाचे नियम या संघटना मांडू शकतात, पण त्यावर सही जिल्ह्यात होत नाही. ते महामंडळाच्या मुंबईतल्या संचालक मंडळाचं काम, आणि उद्योगमंत्री त्या महामंडळाचे अध्यक्ष असतात.

धंद्याची संघटना

इथं वसाहत महत्त्वाची नसते, जिन्नस महत्त्वाचा असतो. फौंड्रीवाल्यांसाठी इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन: 1950 ची संस्था, मुख्यालय कोलकात्यात, कोल्हापुरात शाखा. विजेच्या प्रश्नात महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना, जिचं काम इचलकरंजीतून प्रताप होगाडे चालवत आले. अशा संघटनांचा खरा उपयोग तांत्रिक सुनावणीत होतो, आणि तिथली वाट नीट समजून घेण्यासारखी आहे.

महावितरण दराची याचिका दाखल करतं, तिचा गोषवारा वर्तमानपत्रात येतो, हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते, मग जनसुनावणी होते. कलम 64 प्रमाणे याचिका दाखल झाल्यापासून 120 दिवसांत आयोगानं आदेश द्यायचा असतो. आदेश मान्य नसेल तर दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे 45 दिवसांत जाता येतं. आयोग नोंदीवर आलेल्या गोष्टींवरच निर्णय देतो. मुदतीनंतर दिलेलं निवेदन, मोर्चा, बंद यांतलं काहीच त्या नोंदीत नसतं.

नोंदीवर काय जावं? ‘दरवाढीनं उद्योग मरेल’ या वाक्यावर आयोग काही करू शकत नाही. आकडा असा हवा: इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट लागतात. रनर, रायझर (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांतला उरलेला धातू) आणि बाद माल वगळून चांगलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, 60 टक्के निघालं, तर एक टन विकाऊ मालासाठी जवळपास 1.67 टन धातू वितळवावा लागतो. म्हणजे फक्त वितळवण्यातच 920 ते 1,080 युनिट जातात. युनिटमागं एक रुपया वाढला की टनामागं हजारेक रुपये वाढले, आणि ऑर्डरचा भाव तर सहा महिन्यांपूर्वीच बांधलेला. अशी गणितं तीस कारखान्यांच्या सलग बारा महिन्यांच्या बिलांवरून मांडली आणि याचिकेतल्या नेमक्या परिच्छेदाचा क्रमांक देऊन हरकत घेतली, तर आदेशात त्याचा निदान उल्लेख करावा लागतो. पुढच्या अपिलाची वीट तिथंच रचली जाते.

यात कारखानदारांचा एक नेहमीचा घोळ आहे. युनिटच्या दरावर भांडताना दिवसाच्या कुठल्या तासाला किती सवलत वा जादा आकार, या वेळेनुसारच्या दराकडे कुणी पाहत नाही. अनेक भट्ट्या रात्री चालतात कारण रात्रीची वीज स्वस्त होती. आता सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकवण्याकडे कल आहे. दर तोच राहूनही बिल फुगेल ते इथून. हरकतीत आपल्या पाळीचं वेळापत्रक जोडणारे फार थोडे, आणि तेच जोडायला हवं.

धंद्याच्या संघटनेची दुसरी ताकद म्हणजे सामायिक सुविधा. लघुउद्योग समूह विकासाच्या केंद्रीय योजनेत वाळू पुनर्वापर प्रकल्प, चाचणी प्रयोगशाळा अशा गोष्टींना मोठं अनुदान मिळतं. त्यासाठी सभासदांची वेगळी कंपनी काढावी लागते आणि स्वतःचा हिस्सा रोख उभा करावा लागतो. प्रकल्प अडकतात ते बहुतेक या हिश्श्यावर आणि जागेवर, अनुदानावर क्वचितच. सभेत हात वर करणाऱ्यांपैकी धनादेश किती देतात, ते आधी मोजून घ्यावं.

चेंबर

कोल्हापूर चेंबर ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी, कारखानदार, सेवाक्षेत्र सगळेच. राज्य पातळीवर महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, वालचंद हिराचंद यांनी 1927 मध्ये उभी केलेली. चेंबरच्या लेटरहेडला दार उघडतं, हे मान्य करायला हवं. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. तेव्हा महाराष्ट्र चेंबरनं थेट कंपनीला पत्र लिहिलं आणि कंपनीनं प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचं उत्तरात मान्य केलं. त्याच सुमाराला मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली होती. ती जुलैत फेटाळली गेली. भौगोलिक मानांकनाचे (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येण्याच्या हक्काचे) नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, असं न्यायालयानं याचिकाकर्त्यांना सांगितलं. मानांकन 2019 चं, मालक महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर ही चर्मोद्योग महामंडळं. पुढं डिसेंबरमध्ये प्राडाचा करार झाला तोही या दोन महामंडळांशीच. पत्रानं बोलणी सुरू झाली खरी, पण कागदावर सही ज्याच्या नावावर हक्क त्याचीच लागली.

चेंबरचा कमकुवतपणा त्याच्या व्यापकतेतच आहे. 1961 च्या आयकर कायद्यातल्या 43बी(एच) या कलमाचं घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरला जात नाही. 1 एप्रिल 2024 पासून हे लागू झालं. सुट्या भागांच्या कारखानदाराला हे हवंच होतं. कापडाच्या उधारीवर जगणाऱ्या व्यापाऱ्याला ते नको होतं. दोघं एकाच चेंबरचे सभासद. मग ठराव निघतो तो ‘समतोल मार्ग काढावा’ असा, आणि त्यावर कुणीच काही करू शकत नाही. आपल्या मागणीनं चेंबरमधल्या दुसऱ्या कुणाचं नुकसान होत असेल, तर तिथं वेळ घालवू नये.

दिल्लीतल्या प्रश्नांसाठी मात्र चेंबर किंवा सीआयआय म्हणजे भारतीय उद्योग महासंघासारखा महासंघ (दक्षिण महाराष्ट्रासाठी त्यांची वेगळी परिषद आहे) याला पर्याय नाही. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. एकट्या महाराष्ट्राला पटवून दर बदलत नाही. 2021 मध्ये कापडावरचा कर 5 वरून 12 टक्के करायचं ठरलं होतं, 1 जानेवारी 2022 पासून. 31 डिसेंबरला तातडीच्या बैठकीत ते पुढं ढकललं गेलं, कारण अनेक राज्यांतल्या व्यापारी संघटनांनी आपापल्या अर्थमंत्र्यांना एकाच वेळी गाठलं होतं. इचलकरंजीचा आवाज सुरत आणि तिरुपूरच्या आवाजात मिसळला म्हणून ऐकू गेला.

साखरेचं वेगळंच. कारखान्यांचे महासंघ दिल्लीत कायम बसलेले. 7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली आणि आठवडाभरात, 15 डिसेंबरला, 17 लाख टन साखरेच्या मर्यादेत ती सैल झाली. एवढा वेग छोट्या इंजिनिअरिंग उद्योगाच्या नशिबी नाही. त्याच्या मागं ऊस उत्पादकाचं मत उभं नसतं.

कृती समिती

कोल्हापूरला कृती समितीचं वेड आहे, आणि त्याला आधारही आहे. रस्ते प्रकल्पाच्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढं राहिली, शहर रस्त्यावर उतरलं आणि टोल गेला. रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे पैसे मात्र अखेर सरकारी तिजोरीतून भागवावे लागले. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) यावं यासाठीचा लढा चार दशकांहून जास्त चालला. तो प्रामुख्यानं वकिलांचा, पण सहा जिल्ह्यांचा पाठिंबा जोडलेला. 17 ऑगस्ट 2025 ला उद्घाटन झालं, तेही राज्य पुनर्रचना कायदा 1956 च्या कलम 51(3) खाली मुख्य न्यायमूर्तींनी अधिसूचना काढल्यावर.

दोन्ही मागण्या ‘हो की नाही’ अशा होत्या. समितीला तेच पेलतं. दर कुठल्या स्लॅबमध्ये किती, सवलत कुठल्या तालुक्याला, अशी बारीक अक्षरांतली मागणी मोर्च्यातून मिळत नाही. शिवाय खर्च दिसत नाही म्हणून नसतो असं नाही. बंदचा दिवस, रोजंदारी, पुढाऱ्यांवरचे गुन्हे आणि वर्षानुवर्षांच्या कोर्टाच्या तारखा यांचा हिशोब कुणी लावत नाही. ‘आम्ही कर्नाटकात जातो’ हा इशाराही याच जातीचा. निपाणी जवळ आहे म्हणून तो पटण्यासारखा वाटतो, पण भट्टीचा पाया, वीजजोडणी आणि हाताखालचे मोल्डर (साचे करणारे कारागीर) हलवायला काय लागतं ते समोरच्या सचिवालाही ठाऊक असतं. नुसता बोलून दाखवलेला, पण खरा न केलेला इशारा पुढच्या वाटाघाटीत उलटा पडतो.

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे कुठंच बसत नाही असं वाटेल. सुमारे 107 किलोमीटर, 2016-17 च्या अर्थसंकल्पात घोषणा, मार्ग अजून व्हायचा. इथं आंदोलनापेक्षा मालाची आकडेवारी हवी: कुठल्या वसाहतीतून कुठल्या बंदराला महिन्याला किती कंटेनर जातात, ट्रकचं भाडं किती पडतं. ही माहिती वसाहतींच्या संघटनांकडे असते, रेल्वे मंत्रालयापर्यंतची वाट चेंबर आणि खासदारांकडे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय फाइल हलण्यासारखी नाही.

मग दोन वर्गण्या कुठं?

लहान कारखान्यानं पहिली वर्गणी वसाहतीच्या संघटनेला द्यावी, त्यात फार विचार नको. रोजचे अडथळे तिथंच सुटतात. दुसरी धंद्याच्या संघटनेला, खर्चात वीज किंवा कच्चा माल मोठा असेल तर. निर्यात करणाऱ्यानं किंवा जीएसटीच्या उलट्या रचनेत (कच्च्या मालावर तयार मालापेक्षा जास्त कर) अडकलेल्यानं दुसरी वर्गणी चेंबरला द्यावी. महासंघाची वर्गणी बहुतेक ठिकाणी उलाढालीवर असते. कोटीत दोन आकडी उलाढाल होईपर्यंत, आपली संघटना त्याची सभासद असली की पुरतं. कृती समितीला वर्गणी नसते, वेळ द्यावा लागतो. प्रश्न ‘हो की नाही’ असेल तेव्हाच द्यावा.

पैसे भरण्याआधी कार्यालयात बसून तीन कागद मागावेत. पहिला, गेल्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशोब. दुसरा, गेल्या दोन वर्षांत दिलेल्या निवेदनांची आवक क्रमांकासह यादी. क्रमांकच नसतील तर ती निवेदनं फोटोपुरती होती. तिसरा, संस्था सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असेल तर धर्मादाय कार्यालयातल्या शेवटच्या बदल अर्जाची प्रत. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत तो अर्ज करायचा असतो. निवडणुकीच्या वादात तो वर्षानुवर्षं पडून राहिला, तर आयोगापुढच्या शपथपत्रावर सही करायचा अधिकार अध्यक्षांना आहे का, असा प्रश्न समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो आणि तीस कारखान्यांची बिलं फाइलमध्येच राहतात.