डोळ्यात उडाले ते आम्ल की चुना?
नाशिकमध्ये डोळा भाजणारी रसायने प्रामुख्याने दोन गटांत मोडतात: सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील किंवा बॅटरीतील आम्ल, आणि बांधकामावरचा अथवा द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी (एक बुरशीनाशक) भिजवला जाणारा चुना, म्हणजेच अल्क (अल्कली, आम्लाच्या विरुद्ध गुणधर्माचे रसायन). आम्लाच्या नावानेच धडकी भरते. प्रत्यक्षात सहसा चुनाच अधिक घातक ठरतो. आम्लामुळे पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात आणि तो थर आम्लाला आत शिरण्यापासून काही अंशी अडवतो (हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र याला अपवाद आहे). उलट अल्क पेशींच्या आवरणातील स्निग्धांशाचा साबण करत खोलवर झिरपते, बुबुळावरील पारदर्शक पडदा गढूळ करते आणि पुढे काचबिंदूलाही कारणीभूत ठरू शकते. शिवाय चुन्याचे कण पापणीखाली अडकून भाजत राहतात, म्हणून डॉक्टरांना पापणी उलटवून ते काढावेच लागतात.

प्रथमोपचार दोन्हींत एकच: पापण्या उघड्या धरून, नळाच्या स्वच्छ पाण्याने, तत्काळ आणि किमान अर्धा तास डोळा धुवावा. आम्लावर सोडा किंवा चुन्यावर लिंबू हा शहाणपणा टाळावा. रुग्णालयात डोळ्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप; 7 म्हणजे उदासीन) 7 च्या आसपास स्थिरावेपर्यंत धुणे चालू ठेवतात, आणि अल्काच्या बाबतीत त्याला बराच अधिक वेळ लागू शकतो.