एपी पोल: वाचा, पण ऑगस्टचा सोडून

अमेरिकन कॉलेज फुटबॉल फॉलो करत असाल तर एपी पोल (असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं टीम्सचं दर आठवड्याचं रँकिंग) बघाच, १९३६ पासून चालू आहे, साठेक पत्रकार आपापले टॉप २५ देतात, पहिल्याला २५ पॉइंट, दुसऱ्याला २४ असं करत शेवटच्याला १, आणि बेरीज करून रँकिंग. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे कुणी कुणाला कितवा नंबर दिला ते उघड असतं, लपवाछपवी नाही. २०२३ ला फ्लोरिडा स्टेट ही टीम १३-० (तेराही मॅच जिंकलेली) असून प्लेऑफ कमिटीने (चॅम्पियनशिपसाठी तेव्हा चार टीम्स निवडणाऱ्या) बाहेर ठेवली, एपीवाल्यांनी मात्र चौथ्या नंबरवर ठेवली, अगदी बरोबर केलं! ऑगस्टचं, म्हणजे सीझन सुरू होण्याआधीचं रँकिंग मात्र निव्वळ नावावर, एकही मॅच न बघता, आणि मोठ्या टीम्सना त्याचा फायदा पुढे कितीतरी आठवडे मिळत राहतो. पाचपैकी चार स्टार.