राजारामपुरीतले सहा रविवार आणि मॅकबेथचा अंगरखा

मी लेडीज टेलर. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन टाकून १९ वर्षं ब्लाऊज शिवतेय, आणि गेल्या वर्षापासून बाहेरून इंग्रजीत एम.ए. करतेय. 'आता या वयात कशाला' हे ज्यांना म्हणायचं होतं त्यांचं म्हणून झालंय. पेपरला शेक्सपियरचं मॅकबेथ आहे, म्हणून राजारामपुरीतल्या एका क्लासला सहा रविवार गेले. सकाळी दहा ते एक, फी १,८०० रुपये, नोट्स धरून. क्लासचं नाव घालत नाही. सांगायचं ते सरांना तोंडावर सांगितलंय.

आधी नोट्स. 'महत्त्वाकांक्षा आणि अधःपतन' या प्रश्नाला पाच मुद्दे: चेटकिणींचं भाकीत, बायकोची फूस, राजाचा खून, पश्चात्ताप, नाश. एवढं तर आमच्या शेजारच्या वहिनीपण मालिका बघून सांगतील. दुसऱ्या रविवारी लेडी मॅकबेथ म्हणजे कैकेयी, हे दळण वीस मिनिटं चाललं. मी विचारलं, सर, मग सोबतचा सरदार बँको याला मारायचं ठरतं तेव्हा मॅकबेथ तिला का सांगत नाही? तिसऱ्या अंकात सरळ म्हणतो, तुला यातलं काही कळायला नको, काम झाल्यावर शाबासकी दे. डंकन राजाच्या खुनात बरोबरीची भागीदार, आणि पुढच्या खुनाला मारेकरी नेमले तेव्हा तिला पत्ता नाही. मग मेजवानीच्या प्रवेशानंतर ती नाटकातून जी सरकते ती पाचव्या अंकात झोपेत हात धूत परत येते. सर म्हणाले, "ताई, परीक्षेला एवढं खोल जायची गरज नाही." रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा दुसऱ्याच्या हातात सोपवून मी वर वर वाचायला आले होते काय?

दुसरा राग द्वारपालाचा. दुसऱ्या अंकातला तो प्रवेश नोट्समध्ये 'विनोदी, कमी महत्त्वाचा' म्हणून एका ओळीत उडवलाय. खून नुकताच झालाय, दार वाजतंय, आणि तो दारुडा नरकाचा दरवाजा उघडल्यासारखं करून एकेकाला आत घेतो. त्यात एक इंग्लिश शिंपी आहे, गिऱ्हाइकाच्या तुमानीतलं कापड मारलेला! त्याला म्हणतो, ये, इथं तुझा 'गूज' भाजून घे. गूज म्हणजे हंस नव्हे, शिंप्याची इस्त्री. तिची मूठ हंसाच्या मानेसारखी. वर्गात मी एकटीच हसले. शिंपी कापड खातो हा आरोप १६०६ च्या सुमाराला लंडनमध्येही होता तर.

आता पैसे कुठं वसूल झाले ते. चौथ्या रविवारी सरांनी कॅरोलिन स्पर्जन या समीक्षक बाईंचं १९३५ चं म्हणणं सांगितलं, की या नाटकात अंगाला न बसणारे कपडे पुन्हा पुन्हा येतात. मी सरसावून बसले. कॉडॉरचा सरदार म्हणून हाक आल्यावर मॅकबेथ म्हणतो, मला उसने कपडे का घालताय? बँको म्हणतो, नवा मान नव्या कपड्यासारखा, वापरल्याशिवाय अंगाला बसत नाही. अगदी खरं. नवं कापड चार वेळा घालून धुतल्यावरच अंगाचं होतं. पाचव्या अंकात अँगस नावाचा सरदार मॅकबेथबद्दल म्हणतो, याचा किताब याच्या अंगावर असा लोंबतोय, जसा राक्षसाचा झगा बुटक्या चोराच्या अंगावर.

एकदा राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी एक हौशी ग्रुप भाड्याचा राजाचा अंगरखा घेऊन माझ्याकडं आला होता. घालणारा पोरगा काटकुळा. कंबर आत घेता येते, बाही आखूड होते, पण खांदा उतरला की उतरला. दरबाराच्या सगळ्या प्रवेशात त्या पोराचा एक हात खांद्यावर, झगा वर ओढत. अँगसचं वाक्य वाचलं आणि मला तो हात दिसला.

पण नोट्समध्ये नाही ते असं. मॅकबेथ मुळात बुटका नव्हता. कॉडॉरची सरदारकी त्यानं रणात कमावलेली, त्याच्या मापाची होती. खुनाआधी तो स्वतःच बायकोला म्हणतो, लोक आत्ता कुठं चांगलं बोलायला लागलेत, ते नव्या लकाकीत मिरवावं, इतक्यात टाकू नये. कळत होतं सगळं! आणि तरी मिळालेलं अंगाला लागायच्या आत दुसरं बेतायला घेतलं. भूक मोठी म्हणून तो गेला असं मला वाटत नाही. हातातलं घालून बघायला थांबला नाही.

पाचव्या रविवारी सरांनी नोट्स बंद केल्या आणि टेबलाभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मेजवानीचा प्रवेश. मॅकबेथ वाचत होते साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक काका. त्यांची खुर्ची रिकामी. काका पाहुण्यांशी बोलण्यात दंग असताना एमपीएससी करणारा एक मुलगा मागून येऊन गुपचूप तिथं बसला. सरांनीच शिकवून ठेवलं होतं. काका वळले. "सर, मी बसू कुठं? ह्यो बसलाय की हितं!" सगळे हसले. सर म्हणाले, "काका, पुस्तकात बघा." पुस्तकात तेच. खून झालेल्या बँकोचं भूत मॅकबेथच्या जागेवर बसलंय, आणि ते त्याला एकट्यालाच दिसतं. मॅकबेथ म्हणतो, टेबल भरलंय. लेनॉक्स हा सरदार म्हणतो, ही काय तुमची जागा. मॅकबेथ म्हणतो, कुठं? एवढं राज्य घेतलं आणि स्वतःच्या पंगतीत पाट नाही. बँकोला दुपारी यानंच बजावलं होतं, जेवायला चुकू नकोस. तो चुकला नाही. आम्ही तो प्रवेश तीनदा वाचला, तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

सहावा रविवार प्रश्नपत्रिका सोडवण्यात गेला, त्यावर काय लिहायचं.

जाणार असाल तर शिरवाडकरांचं 'राजमुकुट' (१९५४) आधी वाचून जा. सरांनी त्याचं नावसुद्धा काढलं नाही, पण मॅकबेथ मराठीत कसा बोलेल ते तिथं कानावर पडतं. पंखा एकच आहे, दहाच्या आधी पोचा. पाचातले साडेतीन देते, त्यातले दोन एकट्या पाचव्या रविवारचे.

पुढची बॅच ऑथेल्लोची आहे, पैसे भरलेत. द्वारपालावर मी पानभर लिहून सरांना दिलंय. नोट्समध्ये घालतो म्हणालेत. मधलं कापड मारत नाहीत ना, तेवढं बघायचं.